आज धानोऱ्याचा बाजार

खाटेभोवती पिवळ्या वस्तू एकूण नऊ होत्या. कोपऱ्यातल्या डब्याला लावलेली कचऱ्याची पिशवी, ती सगळ्यांत गडद. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या उशाशी केळी. घड एकच म्हणून ती एक धरली. फाइलीचा पुठ्ठा. हात कसे धुवावेत हे सांगणाऱ्या भिंतीवरच्या पत्रकाची चौकट. सलाइनच्या बाटलीत सिस्टरने नुकतंच एक इंजेक्शन सोडलं होतं, त्याने पाण्याला आलेला फिकट रंग. आईच्या पदराच्या टोकाला हळदीचा डाग. आईच्या गळ्यातल्या काड्यांच्या माळेचा दोरा. मोनालीची स्वतःची ओढणी, पहाटे अमरावतीहून निघताना न बघता उचललेली. आणि खिडकीतून खाटेच्या लोखंडी दांड्यावर पडलेलं ऊन. उन्हाला वस्तू म्हणावं की नाही यावर तिने थोडा विचार केला आणि ते धरलं. नऊ. आईचे डोळे तिने यात धरले नव्हते.

मोजण्याला कारण होतं, असं तिने स्वतःला सांगितलं. रंग नुसत्या नजरेने ठरवायचा तर शेजारी ओळखीचे रंग लागतात. प्रयोगशाळेत असंच करतात. माहीत असलेल्या द्रावणांच्या नळ्या ओळीने लावतात आणि माहीत नसलेली नळी त्यांच्यात कुठे बसते ते बघतात. आईच्या डोळ्यांचा पांढरा भाग केळी आणि हळद यांच्या मध्ये बसत होता, हळदीकडे सरकलेला. चार दिवसांपूर्वी बाबा फोनवर म्हणाले होते, "तुया आईचे डोये जरा पिवये दिसून रायले," आणि तिने त्या 'जरा'वर विश्वास ठेवला होता. राजापेठेतल्या क्लासमध्ये बारावीची बॅच समोर होती, फळ्यावर समीकरणाची एकच बाजू लिहून झाली होती, खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालले होते, आणि ती एका कानावर हात ठेवून म्हणाली होती, उसाचा रस नका देऊ बाहेरचा, डॉक्टरला दाखवा. 'जरा' हे माप नाही, हे ती मुलांना दर आठवड्याला सांगते. थोडं आम्ल, जरा पाणी, असं लिहिलं की ती गुण कापते. बाबांनी डॉक्टरला दाखवलं नाही. मूर्तिजापूरच्या पलीकडे कुणी कावीळ उतरवणारा आहे, त्याच्याकडे नेलं. त्याने काड्यांची माळ डोक्यावर ठेवली. ती रोज थोडी खाली उतरते, गळ्यात आली की कावीळ उतरली. ओल्या काड्या वाळतात, आखडतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांब होते. हे मोनालीने मागे एकदा बाबांना चित्र काढून समजावलं होतं. बाबा म्हणाले होते, "म्हंजे उतरते ना खाली? मंग झालं तं."

माळ गळ्यात उतरली होती. आई मात्र काल रात्री चार वेळा ओकली आणि आज सकाळी तिला अकोल्याला आणून दाखल केलं होतं.

डॉक्टर संध्या नावाची होती, मोनालीच्याच वयाची, पुण्याकडची. तिची मराठी अशी, की एकेक शब्द धुऊन, पुसून ठेवलेला. ती खाटेच्या कडेला टेकली आणि विचारत गेली, आणि आई, मनकर्णाबाई, उशीला पाठ लावून सांगत गेली. ताप येऊन आठ दिस. अन्नावरची वासना गेली. फोडनीचा वास आला का मयमय होते. गावात अजून तिघं पिवये हायत, एकाच टाकीचं पानी पेतो सारे.

"लघवीचा रंग?"

"काया चहा."

डॉक्टरचं पेन थांबलं. "आई म्हणतेय की, कोऱ्या चहासारखा," मोनाली म्हणाली. पेन पुढे गेलं.

"काही जडीबुटी घेतली? पोटात?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा, चंद्रभानजी, खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभे होते. "ताकात दोनदा देली," ते म्हणाले, आणि मग टोपीशी बोलल्यासारखे, "पावडर होती. हिरवी." डॉक्टर रागावली नाही. पुडी उरली असेल तर आणून दाखवा, आणि आता पुन्हा नाही, एवढंच म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

"कधी रक्त दिलंय, घेतलंय? कुठे ऑपरेशन? टॅटू?"

"नाही," मोनालीने परस्पर सांगून टाकलं. डॉक्टरने रक्तदाबाचा पट्टा बांधायला बाही वर सरकवली, तर कोपराच्या आत पाच ठिपके आणि तुळस.

"मग हे?"

"हे गोंदन हाय," आई म्हणाली. "टाटू कुठी हाय?"

"किती वर्षं झाली?"

"लग्नाच्या आंधी. जत्रेत. माय म्हने, मानसासंगं वर हेच येते, बाकी सारं इथंच रायते."

मोनालीला ते वाक्य आत्ता, इथे, आवडलं नाही. लहानपणी याच पाच ठिपक्यांवर बोट ठेवत ती मोजायला शिकली होती. पाचाच्या पुढचे आकडे तिला कितीतरी दिवस खरे वाटत नसत, कारण ते आईच्या हातावर नव्हते.

आणि मग, पट्ट्यातली हवा सोडता सोडता, सहज विचारल्यासारखं डॉक्टरने विचारलं, "आज काय वार आहे, मावशी?"

"आज धानोऱ्याचा बाजार," आई म्हणाली. थोड्या तक्रारीच्या सुरात. वांगी तोडून ठेवली होती आणि ती इथे पडली होती.

डॉक्टरने मान हलवली आणि फाइलीत दोन शब्द लिहिले. इंग्रजी अक्षर उलट्या बाजूने वाचायची मोनालीला सवय होती, समोरच्या बाकावरच्या मुलांच्या वह्या ती रोज तशाच वाचते. वेळेचं भान नाही, असा त्या दोन शब्दांचा अर्थ होता. लगेच नेहमीचे शब्द आपोआप तोंडात आले. "आई म्हणतेय की, शुक्रवार."

आई म्हणतेय की. मोनालीच्या आयुष्यात हे शब्द किती वेळा आले असतील याचा हिशेब लागणार नाही. बँकेच्या खिडकीशी, कापडाच्या दुकानात, कॉलेजच्या होस्टेलच्या बाईंसमोर. आई काही बोलायची, समोरच्याच्या चेहऱ्यावर एक कोरी पाटी यायची, आणि मोनाली ती पाटी पुसायला पुढे व्हायची. सुरुवात कुठून झाली तेही तिला माहीत होतं. पहिलीत बाईंनी आठवड्याचे वार म्हणायला उभं केलं, तेव्हा तिने रविवारपासून ऐटीत म्हटले होते : पिंपरी, कारला, सुट्टी, उमरी, बोरगाव, धानोरा, सुट्टी. बाई हसल्या, प्रेमानेच हसल्या, आणि त्यांनी दुसरे सात शब्द शिकवले. घरी आईचा आठवडा तसाच राहिला. भाजीची वाडी आणि पाच बाजार. बाजाराचं नाव तोच वार. शनिवारी वाडीला पाणी धरायचं असायचं म्हणून सुट्टी. मंगळवारी का, हे मोनालीला माहीत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणे, त्या दिवशी बाजारच नसते. म्हणून कितीतरी वर्षं तिला वाटायचं, मंगळवारी जगात कुठेच बाजार भरत नाही. पुढे कळलं की हिवऱ्याला भरतो, चांगला मोठा भरतो, पण तोवर ती शिकायला बाहेर पडली होती आणि विचारायची सवय मोडली होती.

डॉक्टरने दोन शब्दांवर एक रेघ मारली. "शुक्रवारी धानोऱ्याचा बाजार असतो का? बरं झालं सांगितलंत." मग पेनचं टोपण लावून ती मोनालीला दोन पावलं बाजूला घेऊन गेली. आवाज तिने खाली आणला, पण शब्द तसेच स्वच्छ ठेवले. "तुम्ही बायोकेमिस्ट्री केलंय म्हणालात, म्हणून तुम्हाला सांगते. हे बहुतेक पाण्यातून आलेलं हिपॅटायटिस आहे. खूप जणांचं आपोआप बरं होतं. पण यांचा त्रास जास्त दिसतोय. लिव्हर फारच थकलं तर रक्तातलं विष गाळलं जात नाही आणि ते मेंदूवर येतं. त्याची सुरुवात अगदी बारीक असते. वार चुकतो, शब्द चुकतो, माणूस दिवसा झोपतो. घरच्यांना ते आधी कळतं. पण घरचेच सांभाळून घेतात."

"हो," मोनाली म्हणाली.

"म्हणून यापुढे मी विचारेन तेव्हा मध्ये बोलू नका. मला त्यांचं उत्तर ऐकायचंय. आणि त्यांच्या बोलण्यात त्यांचं नसलेलं काही आलं, तर ते मात्र मला सांगायचं. ते तुम्हालाच कळणार, मला नाही कळणार."

सांभाळून घेणं. ती खाटेकडे परत आली तेव्हा हे दोन शब्द तिच्याबरोबर आले आणि स्टुलावर तिच्याही आधी बसले. आजवर याला ती मदत म्हणत होती. आता पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं की त्याने माणूस हातातून निसटू शकतो. आई काहीही बोलली तरी त्याचा अर्थ लावण्याइतकी वऱ्हाडी तिला येत होती; अडचण तीच होती. अर्थ नसलेल्या वाक्यालाही ती अर्थ लावून देईल. अनुमापनात, म्हणजे आम्लात थेंब थेंब अल्कली सोडताना, शेवटचा थेंब पडतो आणि शंकुपात्रातलं पाणी गुलाबी होतं. पण ज्याला घाई आहे त्याला एक थेंब आधीच गुलाबी दिसतं, ज्याला भीती आहे त्याला एक थेंब नंतर. म्हणून वाचन दुसऱ्याला घ्यायला सांगावं. हेही ती मुलांना सांगते.

डॉक्टर आता आईचं पोट तपासत होती. डाव्या हाताचं बोट बरगड्यांखाली ठेवून त्यावर उजव्या बोटाने ठोकायचं, सरकायचं, परत ठोकायचं. आई थोडा वेळ गंभीरपणे ते ऐकत राहिली. मग म्हणाली, "टरबुजावानी ठोकून पाहून रायली तू तं. पिकलं का वं?"

मोनालीने ओठ घट्ट मिटून घेतले. डॉक्टरने मान वर केली. या वाक्याला तिला कुणाची गरज लागली नाही. "सुजलंय, मावशी. पिकू द्यायचं नाही."

"मंग बराबर ठोकलं तुनं."

शेवटी दोन्ही हात समोर धरायला लावले, तळवे बाहेर, बोटं वर, येणाऱ्या गाडीला थांबवल्यासारखे. डोळे मिटा. लिव्हरचं विष डोक्यात गेलं असेल तर हे तळवे मध्येच निसटतात, पाखराने पंख झाडावेत तसे. मोनालीला पुस्तकातलं ते चित्र आठवत होतं. आईच्या तळव्यांवर वांग्याच्या देठांचे काटे लागून झालेल्या काळ्या रेषा होत्या. त्या रेषा हलल्या नाहीत. मग किंचित हलल्या, पण तो श्वास होता. निदान मोनालीने तो श्वास म्हणून वाचला, आणि वाचल्याबरोबर तिला आपल्या वाचनाचा संशय आला.

रक्त गेलं. दुपारी डॉक्टर कागद घेऊन आली आणि बाबांनाही समजेल अशा भाषेत बोलली. रक्त गोठायला जे लागतं ते लिव्हर बनवतं. आपलं गोठायला तेरा सेकंद लागतात. यांना बावीस लागले. एक इंजेक्शन दिलंय, उद्या परत बघू. सेकंद कमी झाले तर इथेच बऱ्या होतील. वाढले, किंवा बोलण्यात गडबड दिसली, तर वाट बघायची नाही, नागपूरला हलवायचं.

"नागपूरले," बाबा म्हणाले. त्यांनी टोपी घातली, काढली.

दुपारभर आई झोपली. दिवसा झोपली. मोनाली स्टुलावर बसून ती झोप तपासत राहिली. आई दिवसा झोपत नाही. पण आई चार वेळा ओकतही नाही, आणि तिला दुपारभर पडून राहायला खाटही मिळत नाही. चेहऱ्यावर ऊन सरकत होतं आणि त्याच्याबरोबर पिवळेपण कमीजास्त होत होतं, म्हणजे होत नव्हतं, फक्त तसं दिसत होतं. तिला आठवलं, हा चेहरा तिने झोपलेला कधी पाहिलाच नव्हता. ती उठायच्या आधी आई वाडीत गेलेली असायची, ती झोपल्यावर आई देठं खुडत बसायची. बाजारात, पालाखाली, मिरच्यांच्या पोत्याला टेकून मोनालीच झोपायची, आणि ताजव्याच्या साखळीचा आवाज झोपेत येत राहायचा, पारडं खाली गेलं, पारडं वर आलं. तो आवाज थांबला की जाग यायची. आत्ता वॉर्डात तसा काही आवाज नव्हता. ती आईच्या श्वासाच्या लयीवर तो बसवू पाहत होती.

"वांगे झाकले का?" आई डोळे न उघडता म्हणाली.

मोनाली उठून उभी राहिली. वॉर्डात वांगी नव्हती. हे सांगायचं का? हे आईचं आहे की आईचं नसलेलं? दाराशी बाबा उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. "काहून उठली? बस," ते म्हणाले. "तीस वर्सं झाले, झोपीत वांगेच झाकून रायली ते. लग्नाच्या पयल्या रातीपासून. मले वाटे, एखांद दिवस माया आंगावर झाकाचं तट्टं टाकते का काय." ते हसले आणि हसणं अर्ध्यात सोडून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मोनाली खाली बसली. तरीही संध्याकाळी डॉक्टर आली तेव्हा तिने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, बाबांच्या वाक्यासकट, काही न गाळता. डॉक्टरने दोन्ही लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त गेलं. नंतर डॉक्टर येऊन कडेला टेकली. आईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ओठ सुकले होते. बाबा शहाळं आणायला खाली गेले होते.

"आज काय वार, मावशी?"

आई छताकडे बघत राहिली. एवढा वेळ कशाला लागतोय, असं मोनालीला वाटलं.

"आज बाजार नाई."

डॉक्टरने मोनालीकडे पाहिलं. मोनालीने दांड्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. शनिवार, शनिवारी बाजार नसतो, उत्तर बरोबर होतं. किंवा ते उत्तरच नव्हतं. जिला काही आठवत नाही ती बाईसुद्धा हेच म्हणेल, आज काही नाही. एकाच वाक्याची ती दोन्ही वाचनं तिच्या जिभेवर होती आणि तिने तोंड उघडलं नाही.

"बरं. आता आजपासून मागे मागे जायचं. उलटे वार सांगा."

"वार सांगू का बाजार?"

"तुम्हाला येतात ते."

"काल धानोरा," आई म्हणाली. "त्याच्या आंधी बोरगाव. मंग उमरी. मंग..." आणि ती थांबली. तिची नजर वळली आणि मोनालीवर येऊन राहिली. ही नजर मोनालीला ओळखीची होती. बँकेच्या खिडकीशी, होस्टेलच्या पायरीवर, प्रत्येक कोऱ्या पाटीसमोर आई अशीच तिच्याकडे वळायची, न घाबरता, दार उघडंच आहे हे माहीत असलेल्या माणसासारखी. उमरीच्या आधी सुट्टी. सुट्टी म्हण, आई. किंवा काही म्हणू नकोस, पुढे जा, कारला म्हण. मोनालीने नखं तळव्यात रुतवली. शेजारच्या खाटेवरची बाई केळं सोलत होती. सालीचा तो ओलसर आवाज फार मोठा आला.

"मंग हिवरा," आई म्हणाली.

पारडं खाली गेलं आणि वर आलं नाही. गुलाबी झालं होतं. एका थेंबाने झालं होतं, आणि या वेळी घाई नव्हती, संशय नव्हता. "डॉक्टर," मोनाली म्हणाली. आवाज क्लासमधला होता, सरळ, कोरडा. "हे चुकलं. मंगळवारी आई बाजार करत नाही. हिवऱ्याला ती कधीच गेलेली नाही."

डॉक्टरने पेन उचललं.

"गेली ना," मागून बाबा म्हणाले. शहाळं दोन्ही हातांत धरून ते पायथ्याशी येऊन उभे होते. "कदीच गेली नाई म्हनते! तू व्हायच्या आंधी दर मंगयवारी हिवराच करे ते. सारा माल तिथीच खपे."

"पण आता नाही जात," मोनाली म्हणाली. "आत्ताचं विचारलंय, बाबा. ती मागच्या काळात..."

"अवं पोट्टे," आई म्हणाली. ती कोपरावर उठायला पाहत होती. आवाज बारीक होता, पण त्यात बाजारातली धार होती, घासाघीस फार झाली की यायची ती. "डाक्टरीन बाईनं बाजार इचारले. मी जाते का नाई जात, थे कुठी इचारलं? मी नाई गेली तं हिवऱ्याचा बाजार भरत नाई का वं?"

डॉक्टर आधी हसली. मग बाबा. शेजारची केळंवाली बाईसुद्धा. मोनालीला हसता आलं नाही. तळव्यात नखांच्या खुणा होत्या, त्या ती बघत होती. "मग तू माझ्याकडे काय बघत होतीस?" तिने विचारलं.

"तुया वार आला म्हनून पायलं. बाकी काय?"

"माझा वार?"

आई परत उशीला टेकली, दमली होती. बाबांनीच सांगितलं, शहाळ्याकडे बघत. हिवऱ्याच्या बाजारातच कळा सुरू झाल्या होत्या. ताजवा तसाच टाकून आटोने मूर्तिजापूरच्या दवाखान्यात नेलं, दिवस भरले नव्हते, पोरगी एवढीशी. "मंगयवारची तू. त्यानंतर म्या म्हनलं, चाल हिवऱ्याले, चांगला बाजार हाय. तं नाई म्हने. त्या दिवशी नाई."

"तू सांगायचं होतंस ना मला," मोनाली म्हणाली. "मी तर विचारलं होतं."

"सांगाचं काय त्यात? तुया वार. त्या दिवशी घरी रायलं पायजे मानसानं."

"आई, मी सहा वर्षं झाली अमरावतीला राहते."

"मंग? वार गेला का अमरावतीले?"

दर रविवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर मोनाली गावी फोन करायची. पिंपरीचा बाजार उरकून आलेली आई दमलेली असायची, दोन वाक्यांत बोलणं संपायचं. सहा वर्षांचे मंगळवार तिने मोजायला घेतले आणि सोडून दिले. दुपारचं अंगण, सावलीला सुपडं घेऊन बसलेली बाई, बाजाराला न गेलेली. आणि त्याच वेळी राजापेठेत, जिन्याच्या वर, फळ्यासमोर ती स्वतः, अर्धं समीकरण लिहून वळलेली. आपली भाषा म्हणून जी ती इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आली, तिच्यात हा एक शब्द तिला माहीत नव्हता.

"पुढे, मावशी," डॉक्टर हळूच म्हणाली. "हिवऱ्याच्या मागे."

"सोमवार कारला. ऐतवार पिंपरी. झालं का? का अजून मांगचा आठवडा सांगू?"

"पुरे. हात धरा बघू समोर."

आईने हात धरले. तळवे बाहेर, बोटं वर. डॉक्टर बघत होती, म्हणून मोनालीने बघितलं नाही. तिने बाही सरकल्यावर उघड्या पडलेल्या गोंदणाकडे पाहिलं, आणि डॉक्टर उठून गेल्यावर त्यावर बोट ठेवलं, पहिल्या ठिपक्यापासून.

"काय मोजून रायली?" आईने डोळे मिटूनच विचारलं.

"काही नाही. झोप तू."

"क्लास बुडला ना तुया."

"बुडू दे."

ऊन दांड्यावरून उतरून चादरीवर आलं, तेव्हा सिस्टर प्रयोगशाळेचा कागद फाइलीत लावायला आली आणि मोनालीने तो तिच्याकडून मागून घेतला. बाबा वाकून उभे राहिले. "मोठ्यानं वाच," ते म्हणाले. तिने वाचलं.

"रक्त गोठायला लागलेला वेळ. रुग्ण, अठरा पूर्णांक चार सेकंद. कंट्रोल, तेरा सेकंद."